सरांचे अडीच इंच

गाडी गॅरेजला टाकणं म्हणजे बुद्धीनं हात टेकणं, असं सरांचं मत आहे. ‘ज्याला काटकोन कळला त्याला गाडी कळली,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत एकेक तरी माणूस त्यांच्याकडं भूमिती शिकलेला आहे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना काटकोन त्यांनी कान धरून समजावलेला आहे. त्यामुळे या वाक्याला समोरासमोर कुणी हरकत घेत नाही. निवृत्त झाल्यावर कोल्हापुरातली माणसं रंकाळ्यावर फिरायला जातात, बँकेत पासबुक भरून आणतात, नाहीतर पुण्याला मुलाकडं जाऊन नातवंडाच्या स्कूलबसची वाट बघत उभी राहतात. सर जीपखाली जातात.

‘घरीच करू’ म्हणणारी ही जात गावोगाव आहे. कुणी मिक्सर उघडतो, कुणी पाण्याची मोटर. घरी केलं की मजुरी वाचते, असं यातला प्रत्येक जण सांगतो आणि ते कधीच खरं नसतं. मजुरी वाचवायची म्हणून सरांनी जो टॉर्क पाना मागवला, तेवढ्या पैशांत गॅरेजवाल्यानं जीपचं काम करून, धुऊन-पुसून दारात आणून लावली असती. प्रश्न पैशाचा नसतोच. आपल्या वस्तूला परक्याचा हात लागला की ती तेवढी परकी होते, असा एक संशय या लोकांच्या मनात असतो. मला तो अगदीच खोटा वाटत नाही. फक्त तो संशय असलेल्या माणसाच्या शेजारी राहावं लागू नये.

जीप म्हणजे महिंद्राची एमएम 540, सरकारी लिलावात घेतलेली. तिला ‘जुनी गाडी’ म्हणायची सोय नाही. म्हटलंत तर सर 1947 पासून सुरुवात करतात. त्या साली विलिज जीपचे सुटे भाग अमेरिकेहून येऊन मुंबईत जोडले जायला लागले, तिथून पायरी पायरीनं ऐंशीच्या दशकातल्या या 540 पर्यंत. मग आकडे. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर 91 इंच, इंजिन फ्रेंच पूजोच्या रचनेचं डिझेल, 2112 सीसी, पुढं-मागं अखंड हौसिंग आणि चारही चाकांना पाटे. ‘चारही’ म्हणताना ते चार बोटं दाखवतात. हल्लीच्या गाड्यांना पुढं पाटे नसतात, स्प्रिंगा असतात, हे त्यांना नव्या अभ्यासक्रमाइतकंच खुपतं.

अडीच इंचांचं खूळ आलं ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यातून. एक जण नवी थार घेऊन आला होता आणि ती त्यानं बाहेरून उचलून घेतली होती. सगळे जेवणाच्या रांगेत लागले तेव्हा सर थारशेजारी उकिडवे बसलेले. खिशातला टेप काढून त्यांनी जमिनीपासून फेंडरपर्यंत मोजलं, मग मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याखालची जागा मोजली. दुसरा आकडा बघून ते हसले. पाटा म्हणा, स्प्रिंग म्हणा, कितीही उंच केली तरी गोळा चाकांबरोबर आहे तिथंच राहतो. त्याच्या खालची जागा वाढते ती फक्त मोठ्या टायरनं. ‘पोराला गाडी कळली नाही,’ असं मला सांगून ते जेवायला गेले. पण पहिला आकडा त्यांच्या मनात राहिला असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच्या जीपच्या मागं बसलेले दिसले. मागचे पाटे कमान सोडून सपाट झाले होते.

जीप अडीच इंच उचलायची, असं सरांनी जाहीर केलं तेव्हा मी कायद्याची आठवण करून दिली. मोटार वाहन कायदा, 1988, कलम 52: कंपनीनं ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही, आणि 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच पुन्हा बजावलंय.

“बदल कोण करतंय?” सर म्हणाले. “तीस वर्षांत पाटे बसले. ते मूळ जागी आणतोय.”

“मग अडीच इंच कशाला?”

“दीड इंच बसलेत.”

“आणि वरचा एक?”

“पुढच्या तीस वर्षांत बसणार त्याची तरतूद.”

हे उत्तर आरटीओत चालेल असं मला वाटत नाही. पण दहावीच्या पेपरात पायऱ्यांचे मार्क नक्की मिळाले असते.

लिफ्ट किट पार्सलनं आलं. जास्त कमानीचे चार पाटे, लांब शॅकल, आठ यू-बोल्ट, बुश आणि चार शॉकअप. पार्सलवाल्या पोराला एकट्याला ते उतरवेना, म्हणून गल्लीतले दोघे धावले. काम सुरू होईपर्यंत सगळं सोप्यात ठेवलेलं होतं. नेमकं त्याच आठवड्यात काकूंचं हळदीकुंकू. त्यांनी पाट्यांवर चादर टाकली, तरी बायकांनी ती उचलून बघितलीच. शेवटी काकूंनी बाहेर राहिलेल्या टोकाला हळदकुंकू लावून टाकलं. म्हणाल्या, घरात आलंच आहे तर सवाष्णीसारखं राहू दे.

किटबरोबर सूचनांचा एक इंग्रजी कागद होता. सरांनी तो रात्री लाल पेन घेऊन वाचला. दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं, एका आकृतीवर ‘प्रमाणात नाही’ असा शेरा मारला आणि टॉर्कच्या आकड्यापुढं एकक नाही म्हणून अर्धा मार्क कापला. तो कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे. बाकी सूचना त्यांनी पटल्या तेवढ्या पाळल्या.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र त्यांना नावं ठेवायला जागा नाही. विटांवर गाडी उभी करणाऱ्यांची ते तोंड भरून निंदा करतात, आणि ती रास्त आहे. वजनाखाली वीट फुटते आणि फुटायच्या आधी कुणाला विचारत नाही. सरांनी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी मारल्या, मागून जॅकवर गाडी उचलली, चासीखाली लोखंडी स्टँड दिले आणि मग सगळी गाडी खांद्यानं हलवून बघितली. नंतर खडूनं जमिनीवर स्टँडच्या पायांभोवती गोल काढले. स्टँड सरकला तर कळावं म्हणून. खडू त्यांच्या खिशात अजूनही असतो.

आता टॉर्च धरणाऱ्याविषयी. अशा कामात एक मुख्य माणूस असतो आणि एक टॉर्च धरणारा. मी टॉर्च धरणारा. ही जागा बिनपगारी असून तिला बढती नाही. नट सुटला तर तो पान्यानं सुटतो, नाही सुटला तर टॉर्चमुळे.

“उजेड नटावर पाहिजे. माझ्या डोळ्यांत नको.”

“धरलाय की.”

“डावीकडं घे. तुझ्या नाही, माझ्या डावीकडं.”

सर पाठीवर झोपलेले, पाय मागच्या बंपरकडं. मी बंपरशी ओणवा. त्यांची डावी बाजू कुठली हे ठरवायला मला प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांच्याशेजारी जाऊन झोपावं लागायचं. तोवर ते म्हणायचे, “राहू दे, आता दिसलं.”

जुन्या जीपला पाटे हौसिंगच्या खाली असतात आणि यू-बोल्टांचे नट त्याच्याही खाली, म्हणजे रस्त्यावरचा सगळा चिखल-पाणी थेट त्यांच्या तोंडावर. वायर ब्रशनं घासलं तेव्हा आधी लाल मातीचा पापुद्रा निघाला, त्याखाली काळं ग्रीस, त्याखाली ऑइलपेंट. बहुधा कुठल्या तरी खात्याच्या वार्षिक रंगरंगोटीत यू-बोल्टही रंगवून निघाले होते. पेंटच्या खाली गंज, आणि गंजाच्या आत नट असावा असा अंदाज. सरांनी डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी रात्रभर बांधून ठेवली. सकाळी पान्याला नळाचा पाइप घालून ओढलं. पाना सटकला, सरांची कोपरं स्टँडवर आपटली आणि नटानं तिळभरही दाद दिली नाही. पाइप जेवढा लांब तेवढा जोर जास्त, हा नियम सांगत त्यांनी आणखी लांब पाइप आणला. तो कंपाउंडच्या भिंतीला अडला.

अशा वेळी पिंट्या येतो. तो बोलावल्यावर येत नाही, ‘सहज’ येतो. शिवाजी उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे. तेल इंजिनांच्या जमान्यापासून लोखंड ओतणाऱ्या आणि घासणाऱ्या त्या वस्तीत शाळेत न टिकलेली पोरंही लेथवर केसाच्या जाडीचं माप धरतात. पिंट्या भूमितीत काठावर पास झाला होता, आणि ते काठावरचे मार्कही दयेचे होते असं सर त्याच्यादेखत सांगतात. तो मान खाली घालून हसतो. आज त्याच्याकडं हाताखाली पोरं आहेत, दारात ट्रकांची रांग असते. पण सरांच्या फाटकाशी तो अजूनही वर्गाच्या दारात उभं राहावं तसाच उभा राहतो. विचारल्याशिवाय आत येत नाही.

“काय सर, पाटं बदलायलाय व्हय?”

“बदलत नाही. पूर्ववत करतोय.”

पिंट्यानं खाली वाकून बघितलं. “ह्ये बोल्ट आता सुटत न्हाईत, सर. आन् सुटलं तरी परत लावायचं न्हाईत. यू-बोल्ट एकदा ताणलं की गेलं. कापूया की.”

त्यानं स्कूटरच्या डिकीतून ग्राइंडर काढला, म्हणजे ‘सहज’ येताना त्यानं तो बरोबर आणला होता. ठिणग्यांचा एक फवारा उडाला आणि सरांच्या दोन दिवसांच्या प्रमेयाचा निकाल लागला. सर म्हणाले, “मी तेच करणार होतो.” आम्ही दोघांनी होकार दिला.

पुढचा तास मी बघितलेल्या शिकवण्यांत सगळ्यात चांगला होता. कोण कुणाला शिकवतंय, हे मात्र सांगता येत नव्हतं. किटमधले पाटे गाडीला दोन इंच उचलणार होते आणि शॅकल मूळपेक्षा एक इंच लांब होते. मग एकूण तीन इंच का नाही, अडीचच का? सरांनी फाटकाच्या पत्र्यावर खडूनं त्रिकोण काढला. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं, दुसरं शॅकलला लोंबतं, आणि हौसिंग पाट्याच्या मधोमध. टोक एक इंच खाली गेलं तर मध्य अर्धाच इंच खाली जाणार. “त्रिकोणाच्या मध्यबिंदूंचं प्रमेय. इयत्ता नववी. आठवतंय?”

“आमी म्हंतो, दोन सोडलं की एक मिळतंय,” पिंट्या म्हणाला.

सरांनी खडू खाली ठेवला आणि त्याच्याकडं बघितलं. मला वाटतं, पस्तीसाच्या जागी किती लिहावेत याचा विचार करत असावेत.

मग पिंट्यानं हळूच पुढचा मुद्दा काढला. “पर सर, फुडं शॅकल लांब झालं की हौसिंग तोंडावर पडतंय. स्टेरिंग भटकाय लागतं.” सरांनी हे वाचलेलं होतं, हाताला लागलेलं नव्हतं. सायकलचा पुढचा फोर्क मागं कललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते. जीपच्या पुढच्या हौसिंगलाही तसाच थोडा कल दिलेला असतो. शॅकल पुढच्या टोकाला, ते लांब केलं की तो कल कमी होतो आणि गाडी रस्त्यावर वास घेत फिरते. उपाय म्हणजे पाटा आणि हौसिंग यांच्यामध्ये उतरती लोखंडी पाचर. किती अंशांची? सर आत गेले आणि कंपास पेटी घेऊन आले. कोनमापक, दोरा आणि ओळंबा लावून त्यांनी आधीचा कोन मोजला, नंतरचा मोजला, वजाबाकी केली. पिंट्यानं हौसिंगवर तळहात ठेवला आणि म्हणाला, “तीनची बसंल.” सरांचं उत्तर दोन पूर्णांक आठ दशांश आलं. त्यावर वाद झाला नाही. बाजारात पाचर तीनचीच मिळत होती.

मला सगळ्यात आवडली ती शॅकलच्या बोल्टांची गोष्ट. नवे पाटे चढले, बुश बसले, सेंटर बोल्टचं डोकं हौसिंगच्या भोकात टपकन बसल्याचा आवाज तिघांनीही ऐकला. सरांनी टॉर्क पाना उचलला. तो वापरायचीच ते एवढे दिवस वाट बघत होते.

“आता आवळू नगासा, सर.”

“का?”

“गाडी हवेत हाय. पाटं लोंबत्यात. आता आवळलं की रबर हितंच धरून बसंल आन् गाडी खाली घेतली की पिरगळंल. चार म्हयन्यात बुश फाटतंय. आधी चाकावर उभी ऱ्हाऊ द्या, वजन घिऊ द्या, मग आवळा.”

सरांनी सूचनांचा कागद उघडला. तेच लिहिलेलं होतं, सगळ्यात खाली, बारीक टाइपात. त्यांनी लाल पेननं त्याखाली रेघ मारली आणि समासात ‘महत्त्वाचे’ असं लिहिलं. यू-बोल्ट मात्र त्यांनी पान्यानंच आवळले, समोरासमोरचे, थोडे थोडे करून, आणि दर वेळी पाना कट्ट वाजला की आमच्याकडं बघितलं.

एवढ्यावर काम संपलं असं वाटणाऱ्यानं गाडी कधी उचललेली नसते. जीप वर गेली आणि पुढच्या ब्रेकची रबरी नळी ताणून तंबोऱ्याच्या तारेवर आली, ती बदलून जास्त लांबीची घातली. प्रॉपेलर शाफ्ट जास्त तिरका झाला आणि ठरावीक वेगाला बुडाखाली गुरगुरायला लागला, त्याचे क्रॉस बदलले. स्टिअरिंग सरळ धरलं की गाडी उजवीकडं आणि गाडी सरळ तर स्टिअरिंग वाकडं, म्हणून ड्रॅग लिंक जुळवली. हेडलाइट रस्ता सोडून समोरच्या घराच्या गच्चीवर जायला लागले. त्या घरातल्या आजींनी दोन रात्री सहन केलं आणि तिसऱ्या रात्री गॅलरीतूनच सरांच्या वडिलांचं नाव घेतलं. काकूंना पायरीवर पाय पोचेना, तेव्हापासून जीपमध्ये एक लाकडी स्टूल कायमचं आहे. मसाई पठारावर जायचं ठरलंय, गगनबावड्यालाही जायचं आहे. अजून जीप कपिलतीर्थ मंडईच्या पुढं गेलेली नाही, पण तिथं ती भाजीवाल्यांच्या छत्र्यांवरून पलीकडचं बघत उभी असते.

आणि मग सरांना कल दिसला. सकाळी दात घासताना त्यांना वाटलं की जीप डावीकडं झुकली आहे. गवंड्याकडची पाणसळ आणून त्यांनी बंपरवर ठेवली. बुडबुडा मधोमध नव्हता. मग टेप काढून जमिनीपासून फेंडरपर्यंत दोन्हीकडं मोजलं. दोन्ही आकडे सारखे. टेप म्हणतो समान, पाणसळ म्हणते असमान. सर अस्वस्थ झाले. आधी त्यांनी डावे-उजवे पाटे अदलाबदल केले, म्हणजे सगळं पुन्हा उघडलं आणि मी पुन्हा टॉर्च धरला. बुडबुडा होता तिथंच. मग त्यांनी वहीत रीतसर मांडलं: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. निष्कर्ष निघाला की चासीच पिरगळलेली आहे, लिलावातच फसवलं. चासी सरळ करायचं काम घरी होत नाही हे त्यांनाही माहीत होतं. संध्याकाळी ते मला म्हणाले, “बोलाव त्याला.” पिंट्याला सरांनी बोलावल्याचं माझ्या आठवणीतलं हे पहिलंच.

पिंट्या आला, फाटकाशी थांबला, आत बोलावल्यावर आत आला. त्यानं बंपरवरची पाणसळ बघितली, वहीतली सिद्धता शेवटपर्यंत वाचली. मग काकूंकडून तांब्याभर पाणी मागून घेतलं. आम्हाला वाटलं तहान लागली असेल. त्यानं जीपच्या उजव्या चाकाशी पाणी ओतलं. पाणी फरशीवरून, चासीखालून, डाव्या चाकाला वळसा घालून सरळ मोरीत गेलं.

“सिद्धता बरोबर हाय, सर,” पिंट्या म्हणाला. “पक्षातच उतार हाय.”

ओळंबा सरांच्या खिशात होता, पाणसळ हातात होती, आणि अंगणात ती ठेवून बघायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. सर बराच वेळ मोरीकडं बघत राहिले. मग विचारलं, “ही फरशी कुणी घातली होती?” काकूंनी गवंड्याचं नाव सांगितलं. तोही सरांचाच विद्यार्थी निघाला, आणि काठावर नव्हे, चांगल्या मार्कांनी पास झालेला.

आता जीप गल्लीत उभी असते आणि अंगणातली शहाबादी फरशी उकरून एका बाजूला रचून ठेवली आहे. गवंडी लावायचा नाही, घरीच करायचं, असं ठरलंय. वाळू येऊन पडली आहे. पिंट्या परवा ‘सहज’ आला होता, त्यानं फाटकातूनच विचारलं, “सर, सगळं लेव्हल केल्यावर पावसाचं पाणी कुटं जायाचं?”

“ते जूनमध्ये बघू,” सर म्हणाले, आणि दोरी ताणून धरायला त्याला आत बोलावलं.